उंचीचा दाखला

नंदगडच्या बाजारपेठेत कुणाला 'उंचीचा दाखला कुठं मिळेल' असं विचारलंत, तर तो आधी तुमच्याकडं वरपासून खालपर्यंत बघेल. पोलीस भरतीला निघालेला उमेदवार इतका वयस्कर कसा, हा प्रश्न त्याच्या चेहऱ्यावर दिसेल. 'माझ्या नव्हे, घराच्या उंचीचा,' असा खुलासा केलात की तो मोकळा होईल. "हां, मग लेव्हलचा कागद म्हणा की ओ!"

त्या कागदाशी तुमची ओळख करून द्यायची आहे. अंगानं किरकोळ, एकपानी. ठरलेला पोशाख नाही. ज्यानं केला त्याच्या लेटरहेडवर येतो. वर सर्व्हे नंबर आणि मालकाचं नाव, मध्ये पाच-सहा ओळींचा तक्ता, खाली गोल शिक्का आणि शिक्क्याला वळसा घालून केलेली सही. रस्ता इतका, अंगण इतकं, जोतं इतकं, ओढ्याचा तळ इतका, एवढंच तो सांगतो. स्वभाव म्हणाल तर नेमका, मानी आणि कमालीचा भित्रा. नेमकेपणा तक्त्यात दिसतो, मानीपणा दशांशात आणि भित्रेपणा तळटिपेत.

घरात हा धाकटा. थोरला म्हणजे मोजणीचा नकाशा. थोरल्याचा गावात दरारा आहे. साखळी तेहतीस फुटांची, तिचे सोळा आणे, आणि तेहतीस बाय तेहतीसचा गुंठा, हे त्याचं घराणं. इंग्रज अंमलात मुंबई इलाख्याची मोजणी झाली तेव्हापासून चालत आलेलं. त्याच्यापायी सख्खे भाऊ कोर्टाची पायरी चढतात. वीतभर बांध सरकला तर कुऱ्हाडी निघतात. धाकट्याला मात्र कुणी विचारत नाही. जमीन किती आडवी पसरली आहे याची आम्हाला रात्रंदिवस काळजी, ती किती उभी आहे हे मात्र मिस्त्रीवर सोपवलेलं. मिस्त्री प्लॅस्टिकच्या नळीत पाणी भरून चारी कोपरे एका रेषेत आणतो आणि जोतं किती उचलायचं ते मालकाच्या ऐपतीवरून ठरवतो.

धाकट्याचे दिवस पालटले ते पुरांमुळं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगा महामार्गावर चढली आणि पुणे-बेंगळूरची वाहतूक थांबली. हमरस्ता बुडतो म्हटल्यावर लोकांना आपापल्या उंबऱ्याची आठवण झाली. इंजिनिअर विचारू लागले, कर्ज देणारे विचारू लागले, प्लॉट घेणारा जावईसुद्धा विचारू लागला. ज्याला कुणी चहा विचारत नव्हतं, त्याला एकदम खुर्ची मिळाली.

याचा जन्म होताना एकदा बघाच. सर्व्हेअर तीन पायांच्या स्टँडवर ऑटो लेव्हल नावाची दुर्बीण बसवतो आणि खालचे तीन स्क्रू फिरवून फिरवून बुडबुडा वर्तुळाच्या मधोमध आणतो. तेवढा वेळ कुणी बोलायचं नसतं. समोर एक पोरगा लाल-काळ्या खुणांचा स्टाफ, म्हणजे उंच मोजपट्टी, धरून उभा. सर्व्हेअर डोळा लावून हातानंच खूण करतो, "झुलव." पोरगा स्टाफ सावकाश पुढं-मागं झुलवतो. दुर्बिणीत आकडा वर जातो, खाली येतो, पुन्हा वर जातो. त्यातला सगळ्यांत लहान आकडा वहीत उतरतो, कारण स्टाफ अगदी सरळ उभा असतो तेव्हाच आकडा सगळ्यांत लहान येतो. ताठ उभं राहिलं की मोठेपणा कमी होतो, हा धडा या दाखल्याला जन्मतःच मिळालेला असतो. तो त्यानं पुढं पाळला नाही, ही गोष्ट वेगळी.

कारण लगेच सुरू होतो दशांशाचा थाट. १०१.३५० असं लिहिल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. स्टाफवरच्या खुणा पाच-पाच मिलिमीटरच्या, मधलं सगळं डोळ्याच्या अंदाजानं, पोरग्याच्या पायाखाली भाताच्या बांधावरचा चिखल, आणि कागदावर मात्र मिलिमीटर! शेवटचं ते शून्य म्हणजे याच्या फेट्याचा तुरा. काढून टाकलं तरी डोकं तेवढंच राहतं, पण रुबाब जातो.

पण ते 'एकशे एक' आलं कुठून? इथं याची एक खोड सांगायला हवी. काम सुरू करायच्या आधी सर्व्हेअर जवळची मोरी गाठतो, तिच्या स्लॅबच्या कोपऱ्यावर लाल रंगानं फुली मारतो आणि शेजारी लिहितो, टीबीएम १००.०००. म्हणजे तात्पुरता बेंचमार्क. मोरी शंभर मीटरवर आहे असं कुणी मोजलेलं नसतं. धरून चालायचं असतं. लग्नात मुलाचं वय धरून चालतात तसं. बाकीचं सगळं त्या धरून चाललेल्या शंभरावर उभं. मोरीपेक्षा जोतं एक मीटर पस्तीस सेंटीमीटर उंच, एवढाच त्या १०१.३५० चा अर्थ.

मालकाला हे कुणी सांगत नाही. एका निवृत्त गुरुजींनी कागद हातात पडताच पुण्याच्या मुलाला फोन लावला होता, "काळजी करू नको, आपलं घर एकशे एक मीटर उंचीवर आहे." मुलगा शिकलेला. तो म्हणाला, "बाबा, अख्खा खानापूर तालुका त्याहून उंच आहे." खरंच आहे. हा बहुतेक भाग समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरांहून वर. गुरुजींनी कागदाकडं असं बघितलं, की जणू पहिला नंबर आलेल्या पोरानं एकट्यानंच परीक्षा दिली होती हे नंतर कळावं.

तसं खानदान विचाराल तर फार मोठं आहे. १८५८ पासून १९०९ पर्यंत, पन्नास वर्षं खपून इंग्रजांनी देशभर उंचीचं जाळं विणलं. नऊ बंदरांवर भरती-ओहोटी मोजून समुद्राची सरासरी पातळी ठरवली. त्या नवांत एका टोकाला कराची होतं, आणि आपल्या घाटाखालचं कारवारही होतं. त्या शून्यापासून निघालेल्या उंच्या दगडांवर कोरल्या गेल्या. जुन्या पुलाच्या कठड्यावर किंवा सरकारी इमारतीच्या पायरीवर जीटीएस अशी इंग्रजी अक्षरं आणि बाण दिसला, तर ते याच्या पणजोबांचं घर समजा. रेल्वे स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर गावाच्या नावाखाली बारीक अक्षरांत लिहिलेली उंचीही त्याच घराण्यातली. दुर्दैवानं कित्येक दगड रस्ता रुंदीकरणात गेले. काहींवर आता टपऱ्या उभ्या आहेत.

अलीकडं घरात एक उपग्रहवाला पाहुणा शिरला आहे. काठीवर टोपीसारखा जीपीएस बसवायचा, की क्षणात उंची हजर. पण त्याचा शून्य समुद्राचा नाही, पृथ्वीच्या गणितात बसवलेल्या गुळगुळीत आकाराचा आहे. आपल्या भागात या दोन शून्यांत सत्तर-ऐंशी मीटरांच्या आसपास अंतर पडतं. दुरुस्ती न करता आकडा उतरवला, तर नंदगड बसल्या जागी तेवढं खाली जातं. अशा दोन दाखल्यांना शेजारी शेजारी ठेवलंत तर एकाच घराबद्दल दोघं असे भांडतील, की वाटणीचा दावा बरा.

आता पैशाची गोष्ट. नाव 'उंची'चा दाखला, पण भाव मात्र नेहमी खालचा. याच्याइतकी घासाघीस बाजारात भोपळ्याचीही होत नाही.

"कितकं घेणार?"

आकडा सांगितला जातो.

"एवढं? स्टाफ धरून तासभर उभं राहायचं, त्याचं?"

हाच माणूस चौकटीवरच्या कोरीव गणपतीसाठी सुताराला तोंडाला येईल ते देऊन आलेला असतो. वास्तुशांतीचा मंडप, जेवणावळ, दारातला पेव्हर ब्लॉक, कशालाही त्यानं हात आखडता घेतलेला नसतो. घर किती उंचीवर आहे हे सांगणाऱ्याला मात्र तो हजेरीवरच्या गड्यात मोजतो.

भावातलं गुपित असं आहे. ऑटो लेव्हलमधून नीट वाचायचं तर एका बाजूला पन्नासेक मीटरच्या पुढं जाऊ नये असा संकेत. म्हणजे एकदा स्टँड रोवला की फार तर शंभर मीटर सरकता येतं. एक किलोमीटर चालायला दहा वेळा स्टँड रोवा, दहा वेळा बुडबुडा मनवा. खात्रीचा दगड तीन किलोमीटरवर असेल तर जायला तीस मुक्काम आणि यायला तीस. हो, यायचंही असतं. जिथून निघालो तिथं परत येऊन पहिलाच आकडा पुन्हा मिळतो का, हे बघितल्याखेरीज कामाला अर्थ नाही. नाही मिळाला तर दिवस फुकट आणि उद्या पुन्हा पहिल्यापासून.

तेव्हा बाजारात दाखल्याचे दोन भाऊ एकाच नावानं फिरतात. मोरीपासून निघालेला 'शंभरवाला' अर्ध्या दिवसात तयार होतो. समुद्राशी नातं सांगणारा 'दगडवाला' दोन-तीन दिवस खातो. गिऱ्हाईक पैसे देतं शंभरवाल्याचे आणि भरवसा मागतं दगडवाल्याचा. आणि तिसराही एक भाऊ आहे, त्याचं नाव घरात कुणी काढत नाही: शेजारच्या प्लॉटचा जुना कागद, वरचं नाव बदलून. तो सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत देखणा.

भित्रेपणाची गोष्ट राहिली. दाखल्याचा तक्ता सहा ओळींचा, पण तळटीप वाचायला बसलात तर चहा गार होतो. 'मोजणीच्या दिवशी जागेवर असलेल्या स्थितीप्रमाणे.' 'अर्जदारानं दाखवल्याप्रमाणे.' 'गृहीत बेंचमार्कच्या संदर्भानं.' 'पूरस्थितीबाबत कोणतीही हमी नाही.' एवढं सगळं म्हणून झाल्यावर खाली सही. पुलावरून जाताना नदीला हात जोडणारा माणूस तरी एकदाच जोडतो, हा चारदा जोडतो.

हसू येतं, पण त्याची बाजू ऐकून घ्या. फी एका दिवसाची, जबाबदारी घराच्या आयुष्याची. पैसे घेऊन सेवा दिली म्हटल्यावर ग्राहक कायदा दारात उभाच. पाणी आत शिरलं तर माणूस नदीला नोटीस पाठवू शकत नाही, पावसाला समन्स निघत नाही, सरकारच्या दारात रांग मोठी असते. मग सापडतो तो सही करणारा. त्याचा फोन नंबर तर लेटरहेडवरच असतो.

मलप्रभा नदीकडच्या एका घराची गोष्ट ऐकण्यातली. जोतं मोरीच्या वर हातभर होतं, कागदावर तसंच लिहिलेलं. चार पावसाळे कोरडे गेले. पाचव्याला देवघरापर्यंत पाणी. मालक प्लॅस्टिकच्या पिशवीत दाखला घालून सर्व्हेअरच्या दारात. सर्व्हेअर काही न बोलता लेव्हल घेऊन त्याच्या घरी गेला आणि पुन्हा मोजलं. जोतं जिथं होतं तिथंच, मिलिमीटरही हललेलं नाही. पण दरम्यान समोरचा रस्ता दोन थरांनी उंच झाला होता आणि मोरीचं तोंड गाळानं निम्मं बुजलेलं. पाणी पूर्वी पलीकडं निघून जायचं, ते आता अलीकडं थांबलं. मालक म्हणाला, "म्हणजे कागद खरा?" सर्व्हेअर म्हणाला, "कागद खराच आहे, पण तो घराचा आहे. पाण्याचा नाही."

याचा सगळा स्वभाव या एका वाक्यात आला.

कोल्हापूर-सांगलीकडं याच्या दोन मावसबहिणी आहेत, निळी आणि लाल. पूररेषा म्हणतात त्यांना. सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द निळी, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल. निळीच्या आत बांधकामाला मनाई, दोघींच्या मध्ये अटींवर परवानगी. जोतं लाल रेषेच्या पातळीहून निदान पंचेचाळीस सेंटीमीटर वर हवं, अशी एक अट. दोघी नकाशावर फार सोज्वळ दिसतात. जमिनीवर उतरल्या की प्लॉटचा भाव पाडतात, म्हणून बिल्डर मंडळी त्यांना जरा नदीकडं सरकून बसायचा आग्रह करत असतात.

लालबाईचं 'शंभर वर्षं' हे प्रकरण फसवं आहे. लोकांना वाटतं, एकदा येऊन गेली की नातवंडांपर्यंत निवांत. पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावर २०१९ ला पंचावन्न फुटांची रेघ ओलांडली. धोक्याची पातळी त्रेचाळीस फुटांची. लोक म्हणाले, झालं, आता शतकाची सुट्टी. नदी दोनच वर्षांत परत आली आणि २०२१ ला छप्पन्न फुटांच्याही वर गेली. शंभर वर्षांतून एकदा याचा अर्थ दरवर्षी शंभरात एक चिठ्ठी. तीस वर्षांचं घरकर्ज असेल तर हप्ते फिटेपर्यंत ती चिठ्ठी निदान एकदा निघण्याची शक्यता शेकडा सव्वीस. बँकेचा व्याजदर पाव टक्क्यानं वाढला तर आपण रात्रभर जागतो. हे सव्वीस टक्के कुणी विचारात घेत नाही.

आणखी एक चुलतभाऊ अमेरिकेत असतो. त्याचा थाट निराळा. १९६८ पासून तिथं सरकारी पूरविमा आहे आणि त्या विम्यासाठी याला छापील सरकारी फॉर्म मिळाला, एलिव्हेशन सर्टिफिकेट नावाचा. सगळ्यांत खालची फरशी किती उंच, पाणी तापवायचा बंब किती उंच, एसीचं यंत्र किती उंच, सगळं त्यात लिहायचं. शिवाय घराचे फोटो. खोटं लिहिलं तर दंड किंवा कैद, हेही फॉर्मवरच छापलेलं. ह्यूस्टन-न्यू जर्सीकडं राहणाऱ्या मराठी घरांच्या फायलींतही तो सापडेल. तिकडचे सर्व्हेअर स्वतःच्या चुकीचाही विमा उतरवतात आणि तो हप्ता फीमध्ये धरतात. तरी घासाघीस तिकडंही सुटलेली नाही. त्यात २०२१ च्या ऑक्टोबरपासून विम्याचा हप्ता ठरवायला या कागदाची सक्ती उरली नाही. म्हणजे साहेबी पोशाख चढवूनही मान पुन्हा मिळेल तेवढाच.

आमच्या दाखल्याचा खरा प्रतिस्पर्धी मात्र अमेरिकेत नाही, शेजारच्या ओसरीवर आहे. पंचाऐंशीच्या आजी. त्यांच्याकडं ना दुर्बीण ना दशांश. "त्या साली पाणी या पायरीवर आलं होतं, कोंबड्या आम्ही माळ्यावर घेतल्या होत्या," एवढंच सांगतात. फी नाही, शिक्का नाही, तळटीप तर नाहीच. हब्बनहट्टीचा मारुतीही त्याच पंथातला. मलप्रभा भरली की देऊळ पाण्यात जातं आणि वरच्या खेड्यांना कळतं, आता खाली खानापूरकडं जपून जायला हवं. त्याच्या शेंदरावर कुणी स्टाफ लावत नाही.

दाखल्याला आजींचा राग येतो. आकड्यांच्या घरात जन्मलेल्याला कोंबड्यांचा पुरावा कसा चालेल? पण जाणता सर्व्हेअर आधी त्यांच्याच ओसरीवर बसतो. चहा घेतो, पायरी कुठली ते विचारतो, आणि मग त्या पायरीवर स्टाफ उभा करतो. त्या दिवशी तक्त्यात एक ओळ वाढते, 'गावकऱ्यांच्या सांगण्यानुसार पुराची जुनी पातळी.' सगळ्या तक्त्यात पाण्याबद्दल बोलणारी तीच एक ओळ. असा दाखला हाती आला तर जपून ठेवा. त्याला घराचीही माहिती असते आणि पाण्याचीही.

एरवी हा गृहस्थ वाईट नाही. जेवढं विचारलं तेवढं खरं सांगतो, न विचारलेलं सांगत नाही, आणि आपण त्याला नको ते विचारतो. तेव्हा त्याची भेट झाली तर आधी तळटीप वाचा, मग तक्ता. शंभर कुठून धरलेत ते विचारा. पुढचा रस्ता उंच झाला की त्याला पुन्हा एकदा घरी बोलवा. आणि सगळी कामं उरकल्यावर सर्व्हेअर उन्हातून पुन्हा त्या लाल फुलीच्या मोरीकडं निघालेला दिसला, तर 'झालं की ओ, आता कशाला' म्हणून त्याला थांबवू नका. तुम्ही दिलेले पैसे त्या परतीचेच असतात.